असूस प्राइम एच६१०एम-ई डी४ : ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी कमी किमतीचा बोर्ड

ऑफिस, दुकान, क्लास, दवाखाना किंवा घरचा रोजचा वापर यासाठी इंटेलचा कॉम्प्युटर जुळवायचा असेल, तर कमी पैशात नीट काम देणारा रस्ता एच६१० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) मदरबोर्डांचा आहे. प्राइम एच६१०एम-ई डी४ हा त्यातला सहज मिळणारा बोर्ड. आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० लावून टॅली, एक्सेल, ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, व्हिडिओ मीटिंग आणि छपाई एवढीच कामे असतील तर हा बोर्ड बिनधास्त घ्या. त्यापेक्षा मोठा प्रोसेसर लावायचा विचार असेल तर हा बोर्ड तुमच्यासाठी नाही. कारण पुढे सांगतो.

आधी नावातला घोळ. बाजारात एच६१ आणि एच६१० या दोन्ही नावांचे बोर्ड मिळतात आणि फोनवर भाव विचारताना शेवटचे शून्य सहज गळते. एच६१ हा २०११ चा चिपसेट. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम लागते. असे बोर्ड अनोळखी नावांनी आजही नवे म्हणून विकले जातात आणि किंमत निम्म्याहून कमी असते. त्यांच्यावर लागणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नव्या ऑफिसात असा बोर्ड लावणे हा पहिल्या दिवसापासूनचा तोटा आहे. एच६१० हा २०२२ च्या सुरुवातीचा चिपसेट, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए १७००, प्रोसेसर १२ व्या ते १४ व्या पिढीचे. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. 'डी४' म्हणजे डीडीआर४. याच नावाचा डी४ नसलेला बोर्ड डीडीआर५ चा आहे. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची कांडी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

एच६१० मध्ये इंटेलने काय काढून टाकले आहे ते समजले की बोर्डाची किंमत कमी का, हे कळते. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त पळवणे) नाही, सेटा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणे) नाही, रॅमचे स्लॉट दोनच. आणि बी६६० या वरच्या चिपसेटवर प्रोसेसरमधून थेट येणारी जेन ४ ची (पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची चौथी, जास्त वेगवान पिढी) एम.२ लाइन (बोर्डावरच बसणाऱ्या एसएसडीसाठी) इथे बंद आहे. ग्राफिक्स कार्डाचा मोठा स्लॉट मात्र जेन ४ चाच मिळतो. ऑफिसच्या कामात या चारपैकी दोन स्लॉटची मर्यादा तेवढी जाणवते.

या बोर्डाचे खरे मोल मागच्या पट्टीवर आहे. व्हीजीए, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे तीनही आउटपुट इथे आहेत. आपल्याकडच्या ऑफिसांत दहा-बारा वर्षांचे, फक्त व्हीजीए असलेले मॉनिटर अजून ठणठणीत चालतात आणि ते फेकून देण्याचे काही कारण नाही. जुना मॉनिटर व्हीजीएवर, नवा एचडीएमआयवर अशी जोडी ॲडॉप्टरशिवाय लागते. एका पडद्यावर जीएसटीचे पोर्टल आणि दुसऱ्यावर हिशेब ठेवून काम करणाऱ्या माणसाला महागड्या प्रोसेसरपेक्षा या दोन मॉनिटरांचा फायदा जास्त होतो. याच घराण्यातल्या स्वस्त भावंडांवर बहुधा व्हीजीए आणि एचडीएमआय एवढेच असते. दोन्ही मॉनिटर नवे असतील तर डिस्प्लेपोर्टसाठी चार-पाचशे रुपये जास्त द्यावेत. एक अट विसरू नका : प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असेल, जसे आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसते आणि हे तिन्ही आउटपुट कोरे राहतात. एफ थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला आणि पडदा काळाच राहिला, ही तक्रार दुकानदारांकडे सतत येते.

यूएसबीचा हिशेब घेण्याआधी कागदावर करा. मागे दोन वेगवान यूएसबी ३.२ जेन २ पोर्ट आहेत, बाकीचे बहुतांश २.० चे. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन, बोटांच्या ठशांचे यंत्र, बारकोड स्कॅनर, यूपीएसची केबल हे सगळे २.० वर उत्तम चालते. वेगवान पोर्ट बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कसाठी राखून ठेवा. २.० पोर्टवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ ते ४० एमबी मिळतो, म्हणजे ५० जीबीच्या बॅकअपला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि मग लोक बॅकअप घेणेच सोडून देतात. सेवा केंद्र किंवा सीएचे ऑफिस असेल तर मागचे पोर्ट कमी पडतील. बोर्डावरच्या हेडरवरून (जोडणीच्या पिनांवरून) कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पोर्ट काढता येतात, त्यामुळे कॅबिनेट घेताना पुढे किमान तीन-चार पोर्ट आहेत हे बघा. ठशांचे यंत्र आणि सहीचे टोकन स्वस्त हबवर लावू नका. वीज अपुरी पडली की ते मध्येच डिस्कनेक्ट होतात आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.

कॉम हेडर (सिरीयल पोर्टच्या पिना) असणे ही या बोर्डाची दुकानदारांसाठी फार उपयोगी गोष्ट. वजनकाटा, जुना बिलिंग डिस्प्ले, प्रयोगशाळेतले विश्लेषण यंत्र अशी साधने अजून सिरीयल पोर्टवरच बोलतात. बोर्डावर फक्त पिना आहेत. नऊ पिनांचा पोर्ट असलेली पट्टी वेगळी घ्यावी लागते. या पट्ट्यांच्या वायरिंगचे दोन प्रकार बाजारात आहेत आणि दोन्ही दिसायला सारख्याच. चुकीची लावली तर काही जळत नाही, पण डेटा येत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेतला पिनांचा तक्ता आणि पट्टी मल्टिमीटरने ताडून बघणे हे पाच मिनिटांचे काम. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर समांतर पोर्टवर असेल तर यूएसबीची केबल मिळते. पण डॉसमधले जुने सॉफ्टवेअर थेट एलपीटी१ या समांतर पोर्टवर छापत असेल, तर प्रिंटर विंडोजमध्ये शेअर करून एलपीटी१ ला नेट यूज आदेशाने जोडावा लागतो. ते जमवायला माणूस नसेल तर एलपीटी हेडर असलेला बोर्ड शोधा.

लॅन एक गिगाबिटचे रिअलटेक. ऑफिसला पुरेसे आहे. वायफाय नाही, वेगळे कार्ड किंवा डोंगल लागेल. आवाज मीटिंगपुरता चांगला.

रॅमबाबत थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण स्लॉट दोनच. १६ जीबी हे आजचे योग्य माप. ८ जीबीच्या दोन कांड्या लावल्या तर दोन्ही चॅनल (रॅमचे मार्ग) चालतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा उघड फायदा होतो. १६ ची एकच कांडी लावली तर पुढे दुसरी टाकून ३२ करता येते. हिशेब, टायपिंग, ब्राउझर एवढेच असेल तर ८ अधिक ८ घ्या, ३२ ची गरज पडणार नाही. फोटोशॉप, मोठ्या एक्सेल फाइली किंवा ऑटोकॅड येण्याची शक्यता असेल तर १६ ची एक घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधली डीडीआर४ रॅम काढून इथे लावणे हा सर्वात मोठा बचतीचा मार्ग आहे. २४०० किंवा २६६६ ची जुनी कांडी तिच्याच वेगाने चालेल आणि टॅलीला काही फरक पडणार नाही. उलट ३६०० ची गेमिंग रॅम घेऊन उपयोग नाही. बोर्डाची हद्द ३२०० आहे आणि अशी कांडी एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग) चालू केले नाही तर त्याहूनही हळू चालते. लॅपटॉपची कांडी आखूड असते, ती इथे बसत नाही.

एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट आहेत, दोन्ही जेन ३. जेन ३ ची चांगली एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी सेकंदाला सुमारे ३५०० एमबी वाचते. जेन ४ ची लावली तरी ती याच वेगावर थांबते, तेव्हा तिचे जास्तीचे पैसे देऊ नका. विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई आणि जुनी हार्ड डिस्क सेटा केबलवर बॅकअपला, ही मांडणी उत्तम. सेटाचे चार पोर्ट आहेत. एम.२ आकाराची जुनी सेटा एसएसडी वापरायची असेल तर ती कोणत्या स्लॉटवर चालते ते पुस्तिकेत बघा, कारण दोन्ही स्लॉट याबाबत सारखे असतीलच असे नाही. एम.२ चा बारीक स्क्रू खोक्यातल्या पिशवीत असतो. तो आधी बाजूला काढून ठेवा, हरवला की नेमक्या मापाचा मिळायला त्रास होतो.

आता प्रोसेसर. बोर्डाच्या वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नाही. आय३-१२१०० ची मूळ मर्यादा ६० वॅट आणि टर्बोत (गरजेपुरत्या जास्त वेगात) ८९ वॅट, आय५-१२४०० ची ६५ आणि ११७. हे दोन्ही इथे वर्षानुवर्षे चालतील. आय५-१३४०० टर्बोत १४८ वॅटपर्यंत जातो. थोडा वेळ चालेल, पण बंद कॅबिनेट, मे महिन्यातले विदर्भातले तापमान आणि सतत व्हिडिओ रेंडरिंग असे एकत्र आले की बोर्ड गरम होऊन वेग आपोआप खाली आणतो. आय७ आणि आय९ असूसच्या यादीत दिसतात म्हणून लावू नयेत. तेवढे पैसे प्रोसेसरवर घालणाऱ्याने बी७६० चिपसेटचा हीटसिंकवाला बोर्ड घ्यावा. फक्त बिलिंग आणि टायपिंग असेल तर दोन कोरचा पेंटियम जी७४०० भागवतो, पण किमतीतला फरक पाहता चार कोरचा आय३ जास्त वर्षे टिकणारी खरेदी आहे.

१३ व्या किंवा १४ व्या पिढीचा प्रोसेसर घेत असाल तर दुकानातच एक प्रश्न विचारा : बायोस (बोर्ड सुरू करणारे त्यातलेच मूळ सॉफ्टवेअर) नवा आहे का? २०२२ च्या सुरुवातीला बनलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. पंखा फिरतो, दिवे लागतात, पडद्यावर काही येत नाही. प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय या वर्गाच्या बोर्डांवर नसते, मग १२ व्या पिढीचा प्रोसेसर तात्पुरता लावून अपडेट करावा लागतो. ते काम दुकानदाराकडूनच करून घ्या.

स्वतः अपडेट करायचे तर फाइल असूसच्या साइटवरून नेमक्या मॉडेलची घ्या, फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाका, सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, एफ७ ने ॲडव्हान्स मोड आणि टूल मेनूतले ईझेड फ्लॅश. कॉम्प्युटर यूपीएसवर असल्याशिवाय हे करू नका. अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे सर्व्हिस सेंटरची फेरी. आणि त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) तात्पुरता थांबवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोस बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण ऑफिसातले खाते कोणाच्या नावावर उघडले होते हेच अनेकदा कोणाला आठवत नाही. कॉम्प्युटर हाती आला त्याच दिवशी ती की छापून फाइलला लावा.

जुनी डिस्क जशीच्या तशी या बोर्डाला लावून विंडोज सुरू होईल अशी आशा धरू नका. एच६१० वर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससोबत जुन्या पद्धतीचे लेगसी बूट मिळत नाही. जुने विंडोज एमबीआर या डिस्क विभागण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेले असेल तर डिस्क बायोसमध्ये दिसते पण बूट होत नाही. विंडोज १० मधले एमबीआर२जीपीटी हे साधन जुन्या कॉम्प्युटरवरच चालवून डिस्क आधी बदलून घ्या, त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या. विंडोज ७ चा विषय इथे संपतो, ड्रायव्हरच नाहीत. नवे विंडोज ११ टाकताना लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर तयार ठेवा, कारण सेटअप मध्येच इंटरनेट मागतो.

जोडणीत तीन ठिकाणी नुकसान होते. पहिले सॉकेट. पिना सॉकेटमध्ये आहेत, प्रोसेसरवर नाहीत, आणि केसाइतक्या बारीक आहेत. प्रोसेसर त्रिकोणी खूण जुळवून सरळ खाली ठेवा, सरकवू नका. वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ती लावूनच पाठवायची असते. दुसरे कूलर. एलजीए १७०० वर छिद्रांचे अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या सॉकेटवर ७५ होते, म्हणून जुना कूलर बसत नाही. खोक्यातल्या कूलरच्या चार खुंट्या तिरक्या जोडीने दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही पांढरी टोके पूर्ण बाहेर आली का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तर प्रोसेसर शंभर अंशांवर जाऊन हळू होतो आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देत बसतात. तिसरे बोर्डाची अरुंद रुंदी. पूर्ण मायक्रो एटीएक्स २४.४ सेंटिमीटर चौरस असतो, हा त्याहून कमी रुंद आहे, त्यामुळे उजव्या कडेखाली आधाराचे स्टँडऑफ येत नाहीत. २४ पिनांचा प्लग आणि रॅम त्याच कडेला दाबायची असते. रॅम बाहेरच बसवा आणि प्लग लावताना बोर्डाच्या कडेखाली बोट धरा.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) नामांकित कंपनीचा, ४०० ते ४५० वॅटचा, प्रोसेसरसाठी ८ पिनांची वायर असलेला हवा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेले असते, पण तेवढी वीज तो देत नाही. बोर्ड जळण्याची कारणे मोजली तर एसएमपीएस आणि अर्थिंग ही दोनच पुढे येतात. पावसाळ्यात तिसरे येते : खांबावरून ओढलेली तांब्याची लॅन केबल. विजेच्या कडकडाटात लॅन पोर्ट जातो आणि कधी सोबत चिपसेटही. ऑफिस बंद करताना मेन स्विचसोबत लॅनची केबलही काढा, किंवा राउटरपर्यंत फायबर घ्या. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे रॅमच्या सोनेरी कडांवर थर चढतो. बीप येऊन पडदा काळा राहिला तर कांड्या काढून कडा पांढऱ्या खोडरबरने पुसा आणि पुन्हा लावा. वापरात नसलेल्या स्लॉटच्या मागच्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, पाल आत शिरून शॉर्ट झालेले बोर्ड दुरुस्तीला नेहमी येतात.

स्पीकर हेडरवर दहा-वीस रुपयांचा छोटा स्पीकर जरूर लावा. असूसच्या बोर्डावर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे रॅम सापडली नाही, एक लांब आणि तीन आखूड म्हणजे ग्राफिक्स सापडले नाही. फोनवरून दुरुस्ती सांगणाऱ्या माणसाला याने अर्धे निदान मिळते. पहिल्यांदा सुरू करताना रॅमची चाचणी होत असल्याने पडदा थोडा वेळ काळा राहतो, लगेच बटण दाबून बंद करू नका.

बायोसमध्ये चार गोष्टी तपासल्या की झाले : पीटीटी चालू, म्हणजे विंडोज ११ ला लागणारे टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) मिळते, सिक्युअर बूट चालू, एक्सएमपी रॅमप्रमाणे, आणि एपीएम मेनूत वीज परत आल्यावर काय करायचे ते. वीज सारखी जाते-येते तिथे 'पॉवर ऑफ' ठेवा, नाहीतर दर झटक्याला कॉम्प्युटर उठतो आणि पडतो. सीसीटीव्ही किंवा टॅलीचा सर्व्हर असेल आणि यूपीएस मजबूत असेल तरच 'पॉवर ऑन'. दोन-चार वर्षांनी सकाळी तारीख जुनी दिसू लागली, बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागली तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल बदलल्यावर या चारही गोष्टी पुन्हा लावाव्या लागतात.

पर्याय दोन आहेत. एएमडीचा ए५२० बोर्ड आणि रायझन ५ ५६००जी ही जोडी चांगली आहे, ग्राफिक्स इंटेलपेक्षा वरचढ. घरात मुले हलके गेम खेळणार असतील तर मी तीच सुचवीन. दुसरा, इंटेलचाच आधीच्या पिढीचा एच५१० बोर्ड. आय३-१०१०५ सोबत तो स्वस्तात दाखवला जातो, पण अनेक एच५१० बोर्डांवर एम.२ स्लॉट फक्त ११ व्या पिढीच्या प्रोसेसरवर चालतो. १० व्या पिढीचा लावला की एनव्हीएमई दिसतच नाही.

किंमत साधारण सहा ते नऊ हजारांच्या पट्ट्यात वरखाली होते, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावात एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा. जीएसटी १८ टक्के आहे. नोंदणीकृत व्यवसाय असेल तर पक्क्या बिलावर त्याचे क्रेडिट मिळते, मग बिनबिलाचा 'स्वस्त' भाव महागच पडतो. बिलावर सिरीयल नंबर असू द्या आणि खोक्यावरचा नंबर बोर्डावरच्या स्टिकरशी दुकानातच ताडून घ्या. वॉरंटी बोर्डावरच्या नंबरावर चालते.